जायफळाचं अनावरण

बप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापल्या सवयीप्रमाणे दुःख केलं. आईने माळ्यावरची सगळी भांडी घासायला काढली. आत्यांनी गळे काढले. त्यांना ते जमतं. मी वाचायला घेतलं. केजच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, आणि कुठलीही आपत्ती आली की तिच्यावर आधी कुणी काय लिहून ठेवलंय ते शोधायचं ही माझी जुनी खोड. मरणावर मी पूर्वीच पुष्कळ वाचून ठेवलं होतं. प्रत्यक्ष वेळ आली की या वाचनाचा काही उपयोग होत नाही, असंही त्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलं होतं आणि ते बरोबर निघालं. म्हणून मी जायफळावर वाचू लागले.

जायफळ आमच्या अंगणात होतं. नांदूरघाटाच्या अलीकडे, बालाघाटाच्या माथ्यावर आमचं गाव. उन्हाळ्यात इथे विहिरींचे तळ दिसतात आणि थंडीत पहाटे म्हशींच्या पाठीवरून वाफ निघते. इथे तूर येते, कापूस येतो, ज्वारी येते, निवडणूक आली की पुढारी येतात. जायफळ येत नाही. पण आठ वर्षांपूर्वी तालुक्यातल्या शेतकऱ्यांची अभ्यास सहल कोकणात गेली होती. बाकीचे लोक समुद्र बघून, मासे खाऊन परत आले. बप्पा मांडीवर एक रोप घेऊन परत आले. अख्ख्या प्रवासात त्यांनी ते कुणाला धरू दिलं नाही म्हणे. नर्सरीवाला सांगत होता, कलम घ्या, रोपाचा भरवसा नसतो. बप्पा त्याला म्हणाले, "कलम म्हंजे दुसऱ्याचं मुंडकं आपल्या धडावर. मला अख्खं झाड पायजे."

ते दोन वेळा सरपंच होते, त्यामुळे चुकलेल्या निर्णयाला चिकटून राहण्याची त्यांना सवय होती. निळा ड्रम अर्धा कापून त्यांनी रोप त्यात लावलं आणि स्वयंपाकघराची भिंत जिथे ओसरीला मिळते त्या कोपऱ्यात ठेवलं. कोकणात जे झाड घराच्या वर जातं ते आमच्याकडे आठ वर्षांत माझ्या खांद्याला लागलं. गावाला मात्र कायमचा विषय मिळाला. होळी जवळ आली की कुणीतरी रस्त्यावरून विचारायचं, "सरपंच, औंदा पुरणाला जायफळ तुमचंच का?" बप्पा म्हणायचे, "पुढल्या साली." हे उत्तर त्यांनी दर साली दिलं.

गेल्या फाल्गुनात त्याला फुलं आली. बप्पांनी मला कॉलेजात फोन केला, मग फोटो पाठवला, मग फोटो मिळाला का हे विचारायला पुन्हा फोन केला. पिवळट, ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, घंटेसारख्या कळ्या, घोसाने लटकलेल्या. "बघ," ते म्हणाले, "आता बोंडं."

मी अर्थातच पुस्तक काढलं. जायफळात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. मादीला फुलं एकेकटी येतात, नराला घोसाने. आमचं जायफळ नर होतं. त्याला बोंड कधीच धरणार नव्हतं.

हे मी त्यांना सांगितलं नाही. उलट त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर मी न चुकता विचारायचे, "बप्पा, बोंडं धरली का?" आणि ते म्हणायचे, "धरतील की. घाई काय हाय?"

ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, जेवून उठताना ते गेले.

आई एकटी राहू नये म्हणून मी केजची खोली सोडून गावी राहायला आले. स्कूटीवर रोज ये-जा करायची. त्या वर्षी आमच्याकडे घट बसले नाहीत, सणवार बंद. एरवी घटापाशी बसण्यात जायचा तो वेळ मोकळा राहिला, म्हणून मी जायफळाकडे नीट पाहिलं. पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या होत्या.

"दरसाल असंच करतंय ते," आई म्हणाली. "थंडी लागली की मरायला टेकतंय. तुझे बप्पा बघायचे त्याचं."

"काय करायचे बप्पा?"

"काय करतेत? बसायचे त्याच्यापशी."

हे उत्तर मी भावनिक म्हणून बाजूला ठेवलं. मला माहिती हवी होती.

खरं सांगायचं तर मला त्या झाडाचं एवढं प्रेम नव्हतं. पण बप्पांनी ते कोकणातलं झाड या माळावर आठ हिवाळे जगवलं होतं, आणि माझ्या ताब्यात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ते मेलं असतं तर हिला पुस्तकाबाहेरचं काही जमत नाही असं गावाला जे वाटत होतं त्याला पुरावा मिळाला असता. तेवढ्यावर थांबते. यापेक्षा खोल कारण असेल तर ते वाचकाने स्वतः ठरवावं; मी त्या दिवसांत खोल जायचं टाळत होते.

इंटरनेटवर मला एक मंडळ सापडलं. बर्फाच्या देशांत राहून केळी, जास्वंद, आंबा असली उष्ण मुलखातली झाडं वाढवणाऱ्या लोकांचं. तिथे हिवाळा म्हणजे दाराबाहेर कमरेएवढा बर्फ. सप्टेंबर लागला की या लोकांची घाबरगुंडी उडायची. शरद ऋतू हा शब्द ते ज्या धास्तीने लिहीत, त्या धास्तीने आपल्याकडे फक्त तहसील हा शब्द लिहितात. कॅनडातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी कॉफीचं झाड न्हाणीघरात ठेवलं होतं आणि हिवाळाभर त्या स्वतः आंघोळीला शेजारणीकडे जात. मला या बाई फार आवडल्या. मी त्यांना आमची हकीकत लिहिली आणि विचारलं, आमच्याकडे पहाटे पारा नऊ अंशांपर्यंत उतरतो, काय करू? त्यांनी प्रेमळपणे कळवलं की नऊ अंशांना त्यांच्या गावात लोक बाहेर अंगणात जेवायला बसतात.

तरीही त्यांनी पाच सूचना दिल्या, आणि मी त्या पाळायला घेतल्या.

पहिली सूचना, झाड घरात न्या. मातीने भरलेला ड्रम उचलायला चार माणसं लागली असती, आणि आमच्या अंगणात आता चार माणसं येत नव्हती. पूर्वी यायची. थंडीच्या दिवसांत उजाडायच्या सुमाराला बप्पांची मंडळी अंगणात जमायची. मुंजाजीकाका, धुळाजीआबा, आणखी कुणी कुणी. जाळ पेटायचा, आईचा चहा व्हायचा, तालुक्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांची उठाठेव व्हायची. तेराव्यानंतर ते यायचे थांबले. घरात आता दोन बायकाच. बाप्या माणूस नसलेल्या अंगणात गडीमाणसाने जाऊन बसायचं नसतं. ही आमच्याकडची रीत. तिला कुणी रीत म्हणतही नाही इतकी ती ठरलेली. "वहिनी, बरं हाय का?" असं रस्त्यावरूनच, पाय न थांबवता विचारायचे आणि पुढे जायचे. ते आम्हाला मान देत होते. त्या मानाने अंगण फार मोठं झालं होतं.

दुसरी सूचना उजेडाची. मी झाडांसाठी मिळतो तो खास दिवा मागवला. तो जांभळा निघाला. संध्याकाळी लावला की अख्खी ओसरी जांभळी.

"बाहेरून दिसतंय कसं, म्हाईत हाय का?" आई म्हणाली. "हायवेवरल्या धाब्यावानी."

दुसऱ्याच दिवशी धुळाजीआबांचा आवाज रस्त्यावरून आला, "काय वहिनी, परमिट रूम काढली का काय?" आणि पाय न थांबवता ते पुढे गेले. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत आमच्या घराची कुणी टिंगल केली नव्हती.

तिसरी सूचना, हवेत ओलावा राहावा म्हणून झाडाजवळ पसरट भांड्यात पाणी ठेवा. ते म्हशीने प्यायलं. चौथी, फुगेफुगे असतात तसलं प्लॅस्टिक खोडाला गुंडाळा. ते पार्सलमधून आलं, मी कोनाड्यात ठेवलं, आणि आईने ते टीव्ही बघता बघता एकेक फुगा टचाटच फोडून संपवलं. ज्येष्ठापासून इतकी निवांत ती मला दिसली नव्हती.

पाचवी सूचना, झाडाला उबदार कापडाने झाका. इथे मात्र आमचं घर कॅनडापेक्षा श्रीमंत होतं. दोन वेळचे सरपंच म्हणजे सत्काराच्या शाली किती असतील याची कल्पना करा. शाळेच्या गॅदरिंगची, सप्ताहाची, कुस्त्यांच्या फडाची, कुणाकुणाच्या वाढदिवसाची. एक अख्खी ट्रंक. या शालींनी कुणाची थंडी गेल्याचं ऐकिवात नाही, पण त्या पाच-सहा एकावर एक घातल्या तर काहीतरी होईल असा माझा हिशेब होता. झाडाभोवती बांबू रोवून मी त्यावर शाली टाकल्या आणि सेफ्टी पिनांनी जोडल्या. सगळ्यात वर सोनेरी काठाची. ड्रम उघडा दिसतो म्हणून आईने त्याला धुतलेली पांढरी चादर गुंडाळली. दिवसा उन्हासाठी शाली काढायच्या, दिवेलागणीला पुन्हा घालायच्या, असा माझा नेम सुरू झाला. कॉलेजात मला विचारलं की एवढी घाईने कुठे निघालीस, तर मी सांगायचे, सत्काराला.

तरी पानं गळत होती. दिवाळी झाली, कार्तिक सरत आला, गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या, निम्म्या घरांना कुलपं लागली. मी रोज सकाळी गळालेली पानं गोळा करायचे आणि नर्सबाईंना कळवायचे. त्या लिहायच्या, धीर धरा. तेवढं मला पुस्तकांनीही सांगितलं होतं.

आणि मग बजरंगराव आले.

बजरंगराव आमच्या भागातले पुढारी. निवडणुकीचे वारे वाहू लागले होते, आणि अशा वेळी पुढारी आधी दुखवट्याच्या घरी जातात. तिथे कुणी प्रश्न विचारत नाही. दिवेलागण झाली होती. दोन गाड्या अंगणासमोर थांबल्या, पांढरे कपडे उतरले. मी चहा ठेवला. बजरंगराव खुर्चीत बसून आईला म्हणाले, "आश्रुबा म्हंजे आमचा उजवा हात गेला बघा." बप्पा दोन्ही निवडणुका त्यांच्या माणसाच्या विरोधात लढले होते. आई पदराआडून म्हणाली, "व्हय."

बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

आता त्यांना काय दिसलं ते मी त्यांच्या जागी जाऊन सांगते. पांढऱ्या कापडाने मढवलेला चबुतरा. त्यावर माणसाच्या छातीएवढं काहीतरी, सोनेरी काठाच्या शालीने झाकलेलं. वर खास प्रकाशयोजना. ज्याने तीस वर्षं आठवड्याला एक या दराने अनावरणं केली आहेत, त्याला यातून दुसरं काय समजणार? ते उठले. ते उठले म्हणून सगळे उठले. त्यांनी चपला काढल्या.

"वहिनी," त्यांनी आवाज खाली आणला, "आमच्याच हातनं व्हावं अशी विच्छा होती का त्यांची?"

आईला वाटलं पाहुण्याला झाड बघायचंय. "बघा की," ती म्हणाली.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात पोचले तेव्हा त्यांनी शालीचं टोक धरलं होतं. सराईत माणूस, एकाच झटक्यात ओढली. शाली एकमेकींना पिनांनी जोडलेल्या, पिना बांबूत आणि फांद्यांत अडकलेल्या. कट्‌ असा आवाज आला. मग टाळ्या.

शालीखालून पुतळा न निघता झाड निघालं याचा बजरंगरावांवर काडीचा परिणाम झाला नाही. हे मी त्यांचं मोठेपण मानते. क्षणभरही न थांबता ते म्हणाले, "वृक्ष! आश्रुबांनी आयुष्यभर गावाला सावलीच दिली." सावली देण्याइतकी पानं त्या झाडावर उरली नव्हती, आणि जो काही शेंडा होता तो मोडून शालीच्या पिनेला लोंबत होता. त्यांनी शाल हातात धरली होती. शाल हातात आली की ती कुणाच्या तरी खांद्यावर घालायची हे त्यांच्या हातांना आपसूक कळतं. ती त्यांनी माझ्या खांद्यावर घातली आणि नारळासाठी मागे हात केला. कुणीतरी फोटो काढला. त्यात मी आहे: खांद्यावर शाल, हातात ट्रे, तोंड उघडं. एवढं वाचन करून ऐन वेळी माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते असे, "साहेब, चहा."

गाड्या गेल्यावर मी पिनेतून शेंडा सोडवला. मोडलेल्या जागेला वास येत होता. बप्पांच्या सदऱ्याला यायचा तसा नव्हे. झाडाचाच, तिखट, मसाल्याच्या डब्यासारखा. हे मुद्दाम सांगते, कारण तो सदऱ्याचा असावा अशी त्या वेळी माझी फार इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंगणासमोर आवाज आला.

"वहिनी, आमाला कावून सांगितलं न्हाई?"

मुंजाजीकाका. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी, आवाजात अपमान. मागे धुळाजीआबा, कानटोपीत. ते दोघे रस्त्यावर थांबले होते. ज्येष्ठापासून पहिल्यांदाच थांबले होते.

"काय सांगायचं होतं, काका?" मी बाहेर येऊन विचारलं.

"अनावरण व्हतं म्हन की. फोटू आलाय मोबाईलवर. स्मृतिवृक्षाचं अनावरण. तू शाल घिऊन हुबी हायस त्याच्यात."

"काका, ते चुकून झालं."

"चुकून? बजरंगराव दोन गाड्या भरून चुकून आला?"

"आठ वर्सं त्या झाडापशी आमी बसलो," धुळाजीआबा म्हणाले, "अन् अनावरण त्यानं करायचं? ज्यानं आश्रुबाला दोनदा पाडायला माणसं हुबी केली त्यानं?"

"पाडता आलं का पन?" मुंजाजीकाका त्यांच्याकडे वळले.

"न्हाई आलं. पन इरादा व्हता ना बे."

"इराद्याला कोन इचारतंय?"

भांडता भांडता ते अंगणात शिरले. आपण शिरलो हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. शिव्या बजरंगरावांना चालू होत्या आणि पाय सवयीने चालत होते. भिंतीकडेचा चपटा दगड आला तसे मुंजाजीकाका त्यावर बसले, धुळाजीआबा मोडक्या पाळण्याच्या लाकडावर. दोघांच्या मध्ये रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेला लागून जायफळ. मग धुळाजीआबांनी तळहात पुढे केले, काही क्षण तसेच धरले, आणि खाली पाहिलं.

"जाळ कावून न्हाई केला?"

मी ती जागा पाहिली. इतके दिवस रोज तिथे वाकून पानं गोळा करत होते. जमीन काळी होती. मागची भिंत कमरेच्या उंचीपर्यंत धुराने काळी होती. निळ्या ड्रमची एक बाजू पूर्वी कधीतरी धगीने थोडी आत वितळलेली होती. दगडी भिंत, तिच्या कोपऱ्यात झाड, आणि ऐन गारठ्याच्या वेळी, रोज, दोन-अडीच तास जाळ. या कामासाठी नर्सबाईंच्या मंडळातले लोक फार महागडं यंत्र घेतात.

आई मागे उभी होती. तिच्या काखेत तुराट्या होत्या, तुरीच्या वाळक्या काड्या. काका भांडायला लागले तेव्हाच ती त्या आणायला गेली असणार.

"बसायचे म्हनलं न्हवतं का मी?" ती म्हणाली, आणि तुराट्या माझ्यापुढे टाकल्या.

मी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. तुराट्या पेटवायला मला सहा काड्या लागल्या आणि शेवटी जांभळ्या दिव्याच्या खोक्याचा पुठ्ठा.

जाळ लागला, चहा आला. मग मी पाहिलं, मुंजाजीकाकांनी अर्धा कप संपवला, इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेला अर्धा हात मागे नेऊन झाडाच्या बुडाशी ओतला.

"काका?"

"आं?" ते दचकले. मग म्हणाले, "अगं, मला साखर हाय. वहिनीचा चहा लई गोड. तोंडावर सांगावं कसं?"

"आठ वर्सं?" आई दारातून म्हणाली.

"साखर सहाच वर्सं झाली."

"मंग आदीची दोन वर्सं कावून वतला?"

मुंजाजीकाका जाळात बघत राहिले. धुळाजीआबा खोकले, तो खोकला नव्हता.

मला त्यांची समजूत काढावीशी वाटली. मी म्हटलं, "शेंडा गेलाय, आता आधी झाड जगू दे. बोंडांचं पुढे बघू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सांगून टाक बे तिला," धुळाजीआबा म्हणाले.

"तू सांग. तुला लई घाई."

"आश्रुबानं शप्पत तुला घातलीती."

"शप्पत घातलीती म्हनूनच तू सांग."

शेवटी धुळाजीआबांनी कानटोपी नीट केली. "पोरी, वाईट वाटून घिऊ नगंस. ते झाड नर हाय. त्याला काय बी येनार न्हाई. फुलं आली तवाच आश्रुबानं कोकनात नर्सरीवाल्याला फोटू धाडलाता. त्यानं सांगितलं, पाव्हनं, गडी हाय तुमचा."

माझ्या हातातली तुराटी जळत बोटांपर्यंत आली तेव्हा मी ती टाकली.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"कवापसून?"

"फुलं आली तेव्हापासून."

"मंग दर फोनला इचारत कावून व्हतीस? बोंडं धरली का, बोंडं धरली का? आश्रुबा इथं बसून बोलायचा की तुज्यासंगं. फोन ठिवला की म्हनायचा, लेकरू लई हौसेनं इचारतंय. तिला सांगू नका. हिरमुसंल."

"मी त्यांच्यासाठी विचारत होते," मी म्हणाले.

जाळात तुराट्या तडतडत होत्या. धूर माझ्याच बाजूला येत होता, आणि त्याबद्दल मी धुराची ऋणी आहे.

आई दारातून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. ती एक पितळी डबा घेऊन बाहेर आली; लहानसा, घट्ट झाकणाचा, घासून लख्ख केलेला. तो तिने जाळाच्या उजेडात आम्हा तिघांना दाखवला.

"मी हिकडं जायफळाला डबा काढून ठिवलाय," ती म्हणाली. "दोनदा घासला. मला कुनी एक बोलंना."

आधी धुळाजीआबा हसले. मग मुंजाजीकाका. मग आई डबा पोटाशी धरून अशी हसायला लागली की तिला ओसरीची पायरी धरून बसावं लागलं, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला, आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मुंजाजीकाका जाळ सारखा करत बसले.

"नर हाय तर नर हाय," ते थोड्या वेळाने म्हणाले. "नवरी आनू. कोकनातनंच आनू एक मादी, लावू शेजारी."

"गावातल्या पोरांना पोरी मिळंनात," धुळाजीआबा म्हणाले, "बीएस्सी ॲग्री झालेली पोरं तिशीला टेकली, अन् ह्याला ड्रमात बसून कोकनातली नवरी पायजे."

"ह्याला शेती न्हाई हे बरं हाय. शेती म्हनलं की पोरीवाले नगं म्हनत्यात."

"अन् शिक्षन?"

"शिक्षन लई झालं तरी जमत न्हाई बे," मुंजाजीकाका म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मी समोर बसलेय. मी चाळिशी पार केलेली, बिनलग्नाची, ग्रंथपाल. ते घाईघाईने चहा प्यायले. रिकामा कप.

"गोड आहे का, काका?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. या वेळी तक्रारीचं कारण नव्हतं, म्हणून मुंजाजीकाकांनी येताना एक आणलं: अनावरणाच्या फोटोखाली जायफळाच्या जागी आंब्याचं झाड असा उल्लेख होता, त्याचं काय करायचं? तिसऱ्या दिवशी कारण लागलं नाही. आई त्यांचा चहा बिनसाखरेचा करू लागली. ते अजूनही अर्धा कप ओततात.

जांभळा दिवा मी कॉलेजला दिला. तिथे वाचनालयाच्या व्हरांड्यात तो मनीप्लांटवर पडतो आणि मुलं त्याच्या उजेडात सेल्फी काढतात. शाली ट्रंकेत गेल्या. पौषात थंडी जोराची पडली, हुरड्याचे दिवस आले, पहाटे पारा आठच्या खाली गेला. राहिलेली पानंही बरीचशी गेली. नर्सबाईंना मी जाळाची हकीकत लिहिली. त्यांनी विचारलं की ही मंडळी भाड्याने मिळतात का.

मोडलेल्या शेंड्याच्या ठिकाणी काळा खुंट राहिला होता. माघ लागल्यावर एका सकाळी जाळ सारखा करताना मला त्या खुंटाच्या खाली, सालीवर, एक फुगवटा दिसला. हिरवट, मोहरीएवढा. नव्या फुटीचा डोळा असेल, किंवा मोडल्याची गाठ असेल. पुस्तकात बघायचं मी ठरवलं आणि बघितलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. उगीच आशा लावायची आणि ती गाठच निघायची. आईला नाही, काकांना नाही.

चहा घेऊन परत आले तेव्हा धुळाजीआबांनी आपलं पाळण्याचं लाकूड हातभर मागे सरकवलं होतं आणि काठीने जाळही तेवढाच झाडापासून आपल्या बाजूला ओढून घेतला होता.

"आबा, तिकडे का सरकलात?"

"धूर लागतोय," ते म्हणाले.

वारा त्यांच्या पाठीकडून होता. मी कप त्यांच्या हातात दिला आणि तुराट्या आणायला गेले.